पुण्याची वजावट

दानशूर माणूस खोटा ताळेबंद मांडू शकतो का? लेखापरीक्षणात उभी हयात घालवल्यावर माझं उत्तर आहे, हो. आणि साहेब दानशूर आहेत म्हणूनच हाताखालची माणसं पुष्कळदा गप्प बसतात.

‘सत्यम’ या संगणक कंपनीचे संस्थापक रामलिंग राजू आठवा. २००५ साली हैदराबादेत १०८ रुग्णवाहिकेची सेवा त्यांनी उभी केली. किती जीव तिनं वाचवले असतील! त्याच राजूंनी ७ जानेवारी २००९ ला संचालक मंडळाला पत्र लिहून कबूल केलं, की दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी मुळात नाहीतच. वर लिहिलं, की यातला एक रुपयाही आपण घेतला नाही. (सेबीला ते पटलं नाही, हा भाग वेगळा.) स्वतः खाल्लं नाही म्हणजे पाप हलकं, हा हिशेब मला फार घातक वाटतो.

एका कारखान्यात मार्चअखेरच्या विक्रीत एक मोठं बिल धरलं होतं. लॉरी पावती मागितली, तर हिशेबनीस ती फाइलमधून काढेचनात. काढली तेव्हा तारीख निघाली ४ एप्रिल, म्हणजे विक्री पुढच्या वर्षातली. दार लोटून घेत ते म्हणाले, ‘‘माझ्या मुलीच्या ऑपरेशनचा सगळा खर्च साहेबांनी केला. त्यांना नाही कसं म्हणू?’’ साहेबांचा चांगुलपणा खरा होता. त्याच चांगुलपणाच्या ओझ्याखाली ती नोंद झाली होती.

भारतीय लेखामानक १ सांगतं, की मानकांनी मुभा दिली नसेल तर मालमत्तेतून देणं वजा करून दाखवायचं नाही. दोन्ही वेगवेगळी दिसली पाहिजेत. महाभारताचा न्यायही हाच. द्रोणांना फसवणारं एक अर्धसत्य, आणि जन्मभर खरं बोललेल्या युधिष्ठिरालाही नरक पाहावा लागला. बाकीचं सत्य तिथे वजावटीला आलं नाही. म्हणून राजूंचं पुण्य मी नाकारत नाही आणि त्यांच्या खोट्या शिलकेतून एक पैसाही कमी करत नाही.

या व्यवसायात येणाऱ्या मुलामुलींनो, साहेबांच्या सत्काराला जरूर जा, मनापासून टाळ्या वाजवा. बँकेचा शिल्लक दाखला मात्र साहेबांच्या टेबलावरून घेऊ नका, थेट बँकेकडून मागवा.