दाराशी पडलेला लाजरस

मरणापुढे राजा आणि रंक समान, असे म्हणून आपण मनाचे समाधान करून घेतो. पण हे पूर्णतः खरे आहे काय?

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सधन वस्त्यांत अधिक होते. शतक सरता सरता ते उलटले. १९६९ साली न्यू यॉर्कमध्ये दुर्बिणीच्या साहाय्याने, पोट न फाडता, आतड्यातील गाठ काढणे साधले. पुढे तपासणी व उपचार सुधारत गेले. मात्र ज्यांच्यापाशी विमा, पैसा आणि सवड होती, त्यांनाच त्यांचा लाभ आधी झाला.

हे अंतर अटळ होते काय? डेलावेअर राज्याने तपासणीचा व विमा नसलेल्यांच्या उपचारांचा भार उचलला आणि रुग्णांना वाट दाखविणारे साहाय्यक नेमले. तेथील कृष्णवर्णीयांत तपासणी झालेल्यांचे प्रमाण २००१ मध्ये ४८ टक्के होते, ते २००९ मध्ये ७४ टक्के झाले. गोऱ्यांच्या व त्यांच्या मृत्युदरातील अंतर जवळजवळ मिटले.

उपाय अज्ञात असतो, तोवर मरण हे दुर्दैव असते. उपाय हाती येऊनही तो शेजाऱ्यापर्यंत पोहोचत नाही, तेव्हा ते आपले पाप ठरते. शुभवर्तमानातील श्रीमंताने लाजरसाला मारले नव्हते. त्याने केवळ दाराकडे पाहिले नाही. पापनिवेदनापूर्वी आपण केलेल्या कृत्यांची उजळणी करतो. न केलेल्यांची कधी करणार?