दृष्टान्ताला औताचा आधार

न्यायसूत्रांच्या पहिल्याच अध्यायात दृष्टान्ताची व्याख्या आहे. ज्या गोष्टीबद्दल सामान्य माणसाची आणि शास्त्र जाणणाऱ्याची समजूत सारखीच असते, तो दृष्टान्त. म्हणजे दृष्टान्त समजायला पंडिताची गरज पडता कामा नये. तो आधीच सर्वांना ठाऊक असतो, म्हणूनच त्याच्या आधाराने ठाऊक नसलेले सांगता येते. मराठी धर्मविचाराने असे दृष्टान्त मोठ्या प्रमाणात शेतातून घेतले. आता ती औजारे आणि त्यांची नावे व्यवहारातून जात आहेत. अशा वेळी त्यांच्यावर उभा असलेला अर्थ शिल्लक राहतो का, हा प्रश्न भाषेइतकाच धर्माचाही आहे.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात क्षेत्राचा म्हणजे देहाचा विचार आहे. देहाची मालकी जीवाकडे मानणाऱ्यांचा पक्ष तेथे संपूर्ण शेतीच्या भाषेत येतो. प्राण हे या शेताचे कूळ, इंद्रिये हे बैल. विधीची वाफ चुकवून अन्यायाचे बी पेरले तर पाप पिकते, वाफ साधली तर सुखाची मापे भरतात. वाफ म्हणजे आजचा वाफसा. पाऊस उघडल्यावर ओल टिकते, पण चिखल राहत नाही आणि औत घालता येते, ती जमिनीची अवस्था. ती लवकर येत नाही, आली की थांबत नाही. सत्कर्मालाही वेळ साधावी लागते, हे एवढ्या एका शब्दात आले आहे.

भागवताच्या पाचव्या स्कंधातला दृष्टान्त खळ्यातला आहे. मेढीला बांधलेली जनावरे जशी आपापल्या अंतरावरून फिरतात, तशी ग्रहनक्षत्रे ध्रुवाभोवती फिरतात. ज्याने मळणी पाहिली त्याला यात काही समजावून सांगावे लागत नाही. मेढीजवळच्या बैलाचा फेरा लहान आणि कडेच्या बैलाचा मोठा असतो, पण सगळ्यांचे बंधन एकच.

या दृष्टान्तांमागची शेती एका गावावरून पाहू. बीड शहराच्या दक्षिणेस, बिंदुसरेच्या धरणाजवळचे पाली हे मराठवाड्याच्या ज्वारी-बाजरीच्या मुलखातले गाव. या मुलखात नांगराचे रुमणे आणि हळस, तिफणीचे चाडे आणि फण, जू आणि शिवळा, कुळव आणि कोळपे, मोटेचा नाडा आणि सोंदूर ही नावे शेतकऱ्याला पाठ करावी लागत नसत. त्यांच्याभोवती आचारही होता. पेरणीआधी तिफणीची पूजा होई आणि मगच चाड्यावर मूठ धरली जाई. खंडेनवमीला औजारे धुऊन पुजली जात. सारवलेल्या खळ्यात पायताण घालून कोणी जात नसे. रास मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत. धान्य ही केवळ मोजायची वस्तू नाही, ते आधी मिळालेले देणे आहे, हा विचार त्या एका उच्चारात होता आणि तो कोणत्याही प्रवचनापेक्षा पक्का होता.

ट्रॅक्टर, विजेचा पंप आणि मळणीयंत्र आल्यावर हे सगळे एकदम गेले नाही. वाफसा टिकला, कारण ट्रॅक्टरलाही तो पाहावाच लागतो. मेढ मात्र गेली, आणि मोटेबरोबर तिचा सगळा शब्दसंसार गेला. बीड जिल्ह्यातला सर्वांत जिवंत औजार-शब्द आज कोयता आहे. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात आणि एकट्या मजुराला ‘अर्धा कोयता’. तिफण पुजणाऱ्या मुलखात माणसाची मोजणी औजाराने व्हावी, हे दुःखद आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मोट ओढणे बैलाला आणि माणसाला झिजवणारे काम होते. बलुत्याची व्यवस्था जातीला बांधलेली होती. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त त्या व्यवस्थेचे दोषही आले आहेत. ती औजारे परत यावीत, असे कोणताही धर्मविचार मागत नाही. सिद्धान्त टिकवायला टीपही पुरते. ‘मेढ म्हणजे मळणीचा खांब’ असे लिहिले की वाक्याचा अर्थ लागतो.

पण अर्थ लागणे वेगळे आणि दृष्टान्त पटणे वेगळे. टीप लागली की ती गोष्ट दृष्टान्त राहत नाही, तीच सिद्ध करावी लागणारी बाब होते. यात गमावले जाते ते शेतकऱ्याचे स्थान. खळ्याचा दृष्टान्त ऐकताना निरक्षर शेतकरी पंडिताच्या बरोबरीला होता, खरे तर त्याच्या पुढे होता, कारण जाणकार तोच होता. अरणचे संत सावता माळी मळ्यातच देव पाहू शकले ते याच अधिकाराने. औजार विस्मरणात गेले की शेतकऱ्याचा नातूही कोशाकडे वळतो आणि धर्माचा अर्थ पुन्हा पोथी जाणणाऱ्याच्या हाती जातो. संतांनी ज्या दिशेने वाट काढली होती, तिच्या हे नेमके उलट आहे.

बीड जिल्ह्यात गावोगावी हरिनाम सप्ताह भरतात, ज्ञानेश्वरीचे पारायण होते. तेराव्या अध्यायाच्या दिवशी मंडपात एक तिफण, एक जू ठेवावे आणि ज्यांनी ती हाताळली त्या म्हाताऱ्या माणसांनाच त्यांची नावे सांगू द्यावीत. हे जाणणारी माणसे अजून गावात आहेत, तोवर ते करून घ्यावे.