पाव गोळीचं वजन

बाबा गेले तेव्हा आईला पंधरा दिवसांसाठी म्हणून एक गोळी लिहून दिली होती. अल्प्राझोलॅम, पॉइंट फाइव्ह. त्या पंधरा दिवसांची सहा वर्षं झाली. तीच जुनी चिठ्ठी दुकानात चालत राहिली आणि रात्री साडेनऊला पाण्याचा तांब्या, शेजारी गोळ्यांची पट्टी, हे घराच्या वहिवाटीत बसून गेलं. मग एका पहाटे ती बाथरूमच्या उंबऱ्याशी पडली. हाड वाचलं. या गोळ्यांनी उतारवयात तोल जातो, पडून खुबा मोडण्याचा धोका वाढतो, हे मी त्यानंतर वाचलं आणि घाबरून घरातल्या सगळ्या पट्ट्या उचलून टाकल्या. एका रात्रीत बंद.

तिसऱ्या रात्री ती अंथरुणात बसून होती. हात थरथरत होते, छातीत धडधडत होतं, तीन रात्रींत डोळ्याला डोळा लागला नव्हता. मला म्हणाली, "बघितलंस ना? मला गोळीशिवाय झोप येतच नाही. माझं शरीरच तसं झालंय."

त्या वाक्यापाशी मी पुष्कळ दिवस अडकून होते. झोपेची गोळी सोडून बघितलेला जवळजवळ प्रत्येक माणूस ते म्हणतो, आणि तिथेच प्रयत्न संपतो. ती रात्र खरी असते, यातना खऱ्या असतात. पण त्या रात्रीने सिद्ध काय होतं?

मेंदूत गाबा नावाचं एक रसायन आहे. त्याचं काम पेशींना शांत करण्याचं. गोळी गाबाची जागा घेत नाही. ती त्याच्या शेजारी, पेशीवरच्या त्याच ग्राहकावर, म्हणजे रिसेप्टरवर, बसून त्याचा जोर वाढवते. पेशीत क्लोराइड आत सोडणारं दार जास्त वेळा उघडतं आणि पेशी निवते. झोल्पिडेमसारख्या नव्या गोळ्यांची रासायनिक घडण वेगळी, पण बसण्याची जागा तीच. आता रोज रात्री बाहेरून एवढी शांतता आयती मिळू लागली, की मेंदू आपल्या परीने तोल सावरतो. गाबाला मिळणारा प्रतिसाद मंदावतो, जागं ठेवणारी बाजू जोर धरते.

कावड डोळ्यांसमोर आणावी. एका टोकाला घागर टांगली की दुसऱ्या टोकालाही तेवढंच वजन लागतं, नाहीतर ती खांद्यावर ठरत नाही. गोळी ही एका टोकाची घागर. दुसरी घागर मेंदूने महिनोन् महिने थेंबाथेंबाने भरलेली असते. कावड ठरलेली आहे तोवर ती असल्याचा पत्ताही लागत नाही. मी एका रात्रीत पहिली घागर उतरवली आणि कावड दुसऱ्या टोकाला धाडकन खाली आली. आईने त्या रात्री जे भोगलं ते त्या न दिसणाऱ्या घागरीचं वजन होतं. बाबा गेल्यावर उडालेली झोप ती ही नव्हे.

अमेरिकेत अँथनी केल्स आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली या उसळून येणाऱ्या निद्रानाशाचं वर्णन केलं, त्याला नाव दिलं. तो ओळखू येतो तो मुख्यतः वेळेवरून. अल्प्राझोलॅम शरीरातून लवकर उतरतं, म्हणून एकदोन दिवसांतच उसळी येते. डायझेपामसारखी रेंगाळणारी गोळी असेल तर आठवडाही जातो. जुना त्रास सहसा इतका तारीखवार परतत नाही. आणि उसळी ओसरते. कुणाची काही रात्रींत, कुणाची फार सावकाश. पण ती ओसरेपर्यंत कळ काढा असं सांगणं चूक आहे. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम थांबवली तर फिटही येऊ शकते. मी केलं ते आईच्या जिवाशी खेळणं होतं. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी आधी जुना डोस परत सुरू केला.

मग रीत एकच उरते. या घागरीतलं थोडं पाणी काढायचं आणि थांबायचं, समोरची तेवढी रिती होईपर्यंत. या थांबण्याला घरची माणसं वाया गेलेला वेळ समजतात. मेंदूची दुरुस्ती होते ती त्याच दिवसांत.

थोडं म्हणजे किती? इथे माझा हिशेब साफ चुकला होता. मला वाटायचं, एकाची अर्धी, अर्ध्याची पाव, आणि मग पाव गोळीत काय आहे, सोडून द्यायची. पण आमटीत मीठ घालताना पहिली चिमूट अळणी आमटीची चवच पालटते, आणि पाचवी चिमूट जेमतेम जाणवते. ग्राहकांचंही तसंच. पहिल्या थोड्याशा औषधाने बऱ्याच जागा भरतात, पुढच्या पुष्कळ औषधाने उरलेल्या थोड्या. उतरताना हे उलटं अंगावर येतं. एकाची अर्धी एखाद्याला निभावते; पावची शून्य करताना तोच माणूस कोलमडतो. म्हणून कपात मूळ डोसची मोजायची नाही, हातात उरलेल्याची मोजायची. १०० चे ९०, ९० चे ८१, ८१ चे ७३. सात पायऱ्या उतरल्यावर कुठे निम्म्याखाली येतो आपण. अमेरिकेतल्या वैद्यक संघटनांच्या २०२५ च्या संयुक्त मार्गदर्शनात सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कपात सुचवली आहे, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांच्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे.

पण अल्प्राझोलॅमच्या एवढ्याशा गोळीचा दहावा हिस्सा करायचा कसा? सुरीखाली भुगा होतो, आणि सावकाश विरघळणारी गोळी असेल तर ती तोडायचीच नसते. हा पेच हेदर अ‍ॅश्टन या डॉक्टरबाईंनी सोडवला. १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं त्यांनी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला या गोळ्या सोडू पाहणाऱ्यांसाठी दवाखाना चालवला. त्या रुग्णांना हळूहळू डायझेपामवर आणत. पॉइंट फाइव्ह अल्प्राझोलॅम म्हणजे त्यांच्या हिशेबाने १० मिलिग्रॅम डायझेपाम. त्याची २ मिलिग्रॅमची गोळी मिळते, तिचे दोन तुकडे होतात, आणि ते हळू उतरत असल्याने दोन डोसांच्या मधे खड्डा पडत नाही. वृद्धांत मात्र ते साचून दिवसाही गुंगी येऊ शकते, म्हणून हा बदल डॉक्टरांनी नजर ठेवूनच करायचा. आईचा तो आमच्या डॉक्टरांनी आठ आठवड्यांत, टप्प्याटप्प्याने केला.

झोपेच्या सवयीही सोबत बदलाव्या लागल्या. नऊला आडवं होणं बंद, झोप आल्यावरच अंथरूण, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी सहाला उठणं. कॅनडातल्या शार्ल मोरँ यांच्या २००४ च्या अभ्यासात गोळी कमी करणं आणि झोपेची वर्तनचिकित्सा एकत्र दिलेल्या वृद्धांना एकेकट्या उपायापेक्षा जास्त यश मिळालं होतं.

आता चौदावा महिना चालू आहे. आई २ मिलिग्रॅमच्या अर्ध्या गोळीवर आहे. कालनिर्णयवर वाईट रात्रीची फुली ती स्वतः मारते. गेल्या आठवड्यात लागोपाठ तीन फुल्या पडल्या. मी काही न बोलता चहा टाकला. ती कॅलेंडरपाशी उभी राहून तारखा मोजत होती. म्हणाली, "परवा कमी करायची होती ना? नको. अजून पंधरा दिवस इथेच थांबू."