आजीची किल्ली

दिवाळीत उंबऱ्यावर पणती ठेवताना मला आजीची किल्ली आठवते. १९४८ साली रझाकारांच्या भयाने मुरुम सोडून सोलापूरकडे निघताना तिने घराला कुलूप घातले आणि किल्ली कनवटीला लावली.

माणूस घर सोडतो तेव्हा गाठोड्याबरोबर भयही नेतो. सरहद्दीवरच्या छावण्यांत कुणी भाकरी मागितली, कुणी बंदूक. करोडगिरी नाक्यांवर हल्ले झाले. त्यांचा सूड खेड्यांवर उगवला आणि आणखी बैलगाड्या सरहद्दीकडे निघाल्या.

तो लढा न्याय्य होता, हे मी दर १७ सप्टेंबरला मुलांना सांगतो. पण पुढचेही सांगायला हवे. १३ सप्टेंबरला फौजा आल्या, पाच दिवसांत निजाम शरण आला. मग आमच्याच मुलखात निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल समितीने संस्थानभरातील मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सर्वांत होरपळलेल्या चार जिल्ह्यांत आमचा उस्मानाबाद होता. रझाकारांचा जाच सोसलेल्यांपैकीही काही जण मारणाऱ्यांत होते. काल पळणारा आज दुसऱ्याला पळवीत होता.

आजी परतली. तिचे कुलूप शाबूत होते. शेजारच्या बीबीचे दार मात्र सताड उघडे होते. "तिची किल्ली कुठं असंल रं?" आजी म्हातारपणीही विचारी.

वाचकहो, शेजाऱ्याला उठवून आपले घर सुरक्षित होते का? आजीने पुढे कुलूप कधी काढले नाही. म्हणून मी एक पणती शेजारच्या ओट्यावरही ठेवतो.