खाली ऊब, वर गारठा

गेल्या हिवाळ्यात एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गेलो होतो. सातवीतल्या एका मुलीनं थर्माकोलची पृथ्वी केली होती. तोंडात थर्मामीटर, कपाळावर ओली पट्टी, आणि वरच्या कोपऱ्यात दात विचकणारा लालभडक सूर्य. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘वाढता उन्हाळा – हवामानबदलाचा पुरावा’. माझ्याबरोबरच्या परीक्षकांनी तिला सहज विचारलं, “मग यात माणसाचा काय दोष गं? सूर्यच जास्त तापला असेल तर?” मुलगी बावरली. तिच्या बाई मदतीला आल्या, “सर, ऊन वाढलंय हे आपण बघतोच की.”

प्रश्न अगदी रास्त होता. त्याला नेमकं उत्तर आहे, पण ते त्या मुलीपर्यंत कुणी पोचवलेलंच नव्हतं. याचं मला फार वाईट वाटलं. पुरावा म्हणून आपण मुलांच्या हातात पारा देतो. मग २०२५ सारखा एखादा मे महिना पावसात भिजतो, २६ मे रोजीच मोसमी पाऊस मुंबईत दाखल होतो, आणि ‘कुठं गेली तुमची तापमानवाढ?’ असं विचारणाऱ्यासमोर तीच मुलं निरुत्तर होतात. अंग तापलंय हे थर्मामीटर सांगतो. ताप मलेरियाचा की टायफॉइडचा, हे कळायला रक्त तपासावं लागतं. हवामानाच्या बाबतीत ही रक्ततपासणी झालेली आहे, आणि तिचा निकाल काय असायला हवा हे मोजमाप होण्याआधीच लिहून ठेवलेलं होतं. या विषयाच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते.

सुरुवातीचा भाग वाचकांना ठाऊक असतो. हवा पृथ्वीची ऊब धरून ठेवते असं सुचवणारे फूरिए, १८५६ मध्ये काचेच्या नळ्यांत वायू भरून त्या उन्हात ठेवून पाहणाऱ्या युनिस फूट, १८५९ पासून वायूंची उष्णता शोषण्याची क्षमता मोजणारे टिंडल, आणि १८९६ मध्ये हातानं आकडेमोड करून ‘कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल’ असं सांगणारे अऱ्हेनियस. इथवर वाद नाही.

यानंतर मात्र पुस्तकं घाई करतात. अऱ्हेनियसनंतर थेट हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारे कीलिंग, मग चढत जाणारा आलेख आणि शेवटी वितळणारा बर्फ. मधली पन्नास-साठ वर्षं जगानं या कल्पनेकडे दुर्लक्ष केलं, असं वाचून वाटतं. खरं तर कल्पना बाजूला पडली ती एका प्रयोगामुळे. १९०० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ ऑंगस्ट्रॉम यांच्या सहाय्यकानं एका नळीत कार्बन डायऑक्साइड भरून त्यातून अवरक्त किरण सोडले. मग नळीतला वायू एक तृतीयांशानं कमी केला. पलीकडे पोचणाऱ्या किरणांत जवळजवळ फरक पडला नाही. निष्कर्ष सरळ दिसत होता : हा वायू शोषायचं तेवढं आधीच शोषतोय, त्यात आणखी भर घालून काही होणार नाही. तो काढणारी माणसं अडाणी नव्हती. १९३८ मध्ये कॅलेंडर या वाफेच्या यंत्रांच्या अभियंत्यानं जगभरच्या १४७ ठिकाणच्या नोंदी जमवून ‘तापमान वाढतंय, आणि कारण हा वायू आहे’ असं लंडनमध्ये मांडलं, तेव्हा शंका घेणाऱ्यांत सर जॉर्ज सिम्प्सन होते. सिम्प्सन यांनी भारतीय हवामान खात्यात सिमल्याला काम केलं होतं.

चूक होती नळीत. वातावरण म्हणजे दोन्ही तोंडं बंद केलेली एक नळी नव्हे, एकावर एक रचलेले थर आहेत. प्रत्येक थर खालून आलेली उष्णता शोषतो आणि स्वतःच्या तापमानानुसार वर-खाली दोन्हीकडे सोडतो. पृथ्वीची उष्णता अखेर अवकाशात निसटते ती वरच्या विरळ थरांतून. वायू वाढला की ही निसटण्याची जागा आणखी वर सरकते. तिथली हवा जास्त थंड, म्हणून ती उष्णता कमी सोडते. हिशेब पुन्हा जुळेपर्यंत खालचं सगळं तापत राहतं. तळाशी शोषण पुरं झालंय की नाही, याचा इथं संबंधच उरत नाही. १९५६ मध्ये गिल्बर्ट प्लास यांनी संगणक वापरून थरांचा हा हिशेब मांडला आणि ऑंगस्ट्रॉमचा आक्षेप मोडून काढला.

मग आलं १९६७. जपानमधून अमेरिकेत गेलेले स्युकुरो मानाबे आणि त्यांचे सहकारी रिचर्ड वेदरॉल्ड यांनी संगणकात हवेचा एकच उभा खांब उभा केला. त्यात कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत १५०, ३०० आणि ६०० असं बदलून पाहिलं. प्रमाण ३०० वरून दुप्पट केलं तेव्हा जमिनीलगत सुमारे २.३ अंश वाढ दिसली. लोक हा आकडा लक्षात ठेवतात. माझ्या मते त्या निबंधाचं खरं मोल खांबाच्या माथ्याशी आहे. वायू वाढवला की खालची हवा तापत होती आणि तिच्या वरचा थर, म्हणजे स्थितांबर, थंड होत होता. स्थितांबराला ऊब मिळते ती ओझोननं सूर्याचे अतिनील किरण शोषल्यामुळे. तिथं कार्बन डायऑक्साइड वाढला की तो ती उष्णता अधिक जोमानं अवकाशात सोडून देतो. याच निबंधात दोघांनी सूर्याची प्रखरताही वाढवून पाहिली होती. ऊन वाढलं तर वरपासून खालपर्यंत सगळंच तापायला हवं. म्हणजे सूर्य आणि धूर या दोन संशयितांच्या बोटांचे ठसे वेगळे आहेत, हे त्या दिवशी कागदावर आलं.

१९६७ हे साल नीट बघा. चाळिशीच्या दशकापासून पारा जवळजवळ थबकला होता; उत्तर गोलार्धात तर किंचित उतरला होता. हवाईतल्या मौना लोआवर कीलिंग यांची कार्बन डायऑक्साइडची मोजणी सुरू होऊन नऊच वर्षं झाली होती. उपग्रहांवरून वरच्या थरांचं तापमान सलग मोजणं सुरू झालं ते १९७० च्या दशकाच्या अखेरीस. म्हणजे उन्हाळे कडक झाले म्हणून शास्त्रज्ञांनी हे कारण शोधून काढलं, हा समजच उलटा आहे. अंदाज आधी आला, मोजमाप नंतर झालं.

आणि मोजमापात खाली ऊब, वर गारठा हाच आकार सापडला. क्लाउस हासेलमान यांनी १९७९ पासून या शोधाला गणिती शिस्त लावली : गोंगाटातून ठसा कसा वेगळा काढायचा. स्थितांबर थंड होताना दिसलं तेव्हा एक शंका आलीच, ओझोन विरळ झाल्यानंही वर गारठा येतो. शंका खरी होती, विशेषतः स्थितांबराच्या खालच्या भागात. म्हणून संशोधक आणखी वर गेले. बेन सँटर आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये २५ ते ५० किलोमीटर उंचीच्या पट्ट्याचा हिशेब मांडला. १९८६ नंतर तो पट्टा सुमारे २ अंशांनी थंड झालाय, आणि निसर्गाचे नेहमीचे चढउतार इतका बदल घडवू शकत नाहीत. सूर्याची प्रखरता १९७८ पासून उपग्रह मोजताहेत. तिच्यात वाढीचा कल नाही. मानाबे आणि हासेलमान यांना २०२१ चं नोबेल मिळालं, तेव्हा बातम्यांत ‘हवामानाची प्रारूपे’ एवढंच छापून आलं. आकाराची ही गोष्ट बहुतेक ठिकाणी सुटली.

वायू कुठून आला, याचाही तपास तोवर लागला होता. कोळसा आणि तेल जमिनीखाली कोट्यवधी वर्षं पडून असल्यानं त्यांच्यात कार्बन-१४ हा काळानुसार विघटित होत जाणारा कार्बन उरलेला नसतो. त्यांचा धूर हवेत मिसळला की हवेतला कार्बन-१४ पातळ होतो. हान्स स्यूस यांना १९५५ मध्ये झाडांच्या खोडातल्या वर्तुळांत हे पातळ होणं दिसलं.

म्हणूनच ‘हवामान तर नेहमीच बदलत आलंय’ हे वाक्य मला खटकतं. ते खोटं नाही. अंटार्क्टिकाच्या बर्फातून आठ लाख वर्षांची हवा बाहेर काढून हे सिद्ध केलं ते हवामानाच्याच शास्त्रज्ञांनी. त्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सुमारे १८० ते ३०० च्या दरम्यान हेलकावत राहिला. आज तो ४२० च्या पुढे आहे. त्यांचीच कमाई त्यांच्याविरुद्ध वापरली जाते, आणि आपण उत्तर म्हणून उन्हाळ्याचा आकडा पुढे करतो. तो आकडा अनेकदा लहानच असतो. २०२० मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं देशाचा अहवाल निघाला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान वाढलं ते सुमारे ०.७ अंश, कारण आपल्याच हवेतल्या धूलिकणांनी काही ऊब झाकून ठेवली. नुसता पारा दाखवून कुणाची खात्री पटवायची, तर ०.७ वर पटणार नाही.

त्या दिवशी परीक्षण संपल्यावर मी त्या मुलीच्या टेबलापाशी परत गेलो. कागदावर उभा खांब काढला, खालच्या भागात लाल पेन्सिल फिरवली आणि विचारलं, “धुरानं हे झालं असेल, तर वर कोणता रंग येईल?” तिनं “लालच” म्हटलं. मग तिच्या सूर्याकडे पाहिलं, थोडा वेळ थांबली, आणि निळी पेन्सिल उचलली. “पण सर, इतक्या वर जाऊन बघितलं कुणी?” मी तिला हवामान खात्याच्या फुग्यांबद्दल सांगितलं : पहाटे आणि संध्याकाळी सोडतात, खाली तापमानमापक लटकवलेला असतो, तीसेक किलोमीटरवर जाऊन फुटतो. त्याच्याही वरचं उपग्रह बघतात. सूर्य तिनं कात्रीनं कापून काढला. खांब कुठे चिकटवायचा ते मात्र ठरेना, कारण थर्माकोल वरच्या बाजूला कमी पडत होता.