संचिताचं खातं

नागिणीच्या तोंडाला शेपूट भिडली की माणूस जातो, हे आमच्या वर्ध्याजवळच्या देवळीकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझी नागीण डाव्या बरगडीखाली उठली. आधी नुसती आग. अंगावर काही दिसेना, पण बनियन घासली तरी जीव कळवळायचा. मग लाल चट्टा आणि त्यावर पाण्याने भरलेले फोड, पाठीच्या कण्यापासून थेट पोटाच्या मध्यापर्यंत.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, घराण्यात कोनी नाग मारला असंन. भोवते ते."

डॉक्टरांनी वेगळंच विचारलं : लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का? झाल्या होत्या. आईने दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला होता आणि माता जाईपर्यंत घरात फोडणी दिली नव्हती. तोच विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि उतारवयात, प्रतिकारशक्ती ढिली पडली की, एका तंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. होप-सिम्पसन नावाच्या इंग्लंडमधल्या एका साध्या डॉक्टराने 1965 साली हे नीट मांडलं. डाव्या-उजव्या बाजूचे तंतू वेगळे, म्हणून पट्टा सहसा मध्यावर थांबतो. तोंड-शेपूट भिडायचं राहून जातं, फोड दोन-चार आठवड्यांत आपोआप सुकतात आणि मांत्रिकाचं नाव होतं. विषाणूवरच्या गोळ्यांचा खरा उपयोग मात्र पहिल्या 72 तासांत, आणि डोळ्याजवळची नागीण तर थांबूच देत नाही.

प्रवचनाला सोबत येणारे एक स्नेही खूश झाले. "हेच तर संचित! न दिसता साठतं, वेळ आली की फळतं." ऐकायला गोड आहे. पण संचिताला खातेदार लागतो. ज्याने केलं त्यानेच भोगायचं. माझा विषाणू बहुधा शाळेतल्या बाकावरच्या शेजाऱ्याकडून आला. आणि माझ्या फोडांतल्या पाण्याने, कांजिण्या न झालेल्या माझ्या नातवाला कांजिण्या होऊ शकतात. ते पाप कोणाच्या नावावर लिहायचं? माझ्या, की मेलेल्या नागाच्या?

हा वाद वर्ध्याला नवा नाही. नोव्हेंबर 1933 मध्ये गांधीजी इथूनच हरिजन यात्रेला निघाले. दोनच महिन्यांनी बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा ती अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असं ते म्हणाले. रवींद्रनाथांनी जाहीर हरकत घेतली. गांधीजी हटले नाहीत. मी रवींद्रनाथांच्या बाजूचा. पण पुढे सेवाग्रामात कुष्ठरोगी परचुरेशास्त्री आले, तेव्हा याच गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं, स्वतःच्या हाताने त्यांच्या जखमा धुतल्या, अंगाला मालिश केली. त्या काळी महारोग म्हणजे पूर्वजन्मीचं पाप, हे गावोगाव पक्कं होतं. शास्त्री तर संस्कृतचे पंडित. कर्मविपाकाची वचनं त्यांना तोंडपाठ असणार. त्यांच्या मनाचं काय होत असेल, हा विचार मला रात्री आग वाढली की हटकून यायचा. कारण 'मीच का?' हा प्रश्न विषाणू समजल्यावरही सुटत नाही.

खपल्या धरेपर्यंत नातवाला जवळ घेतलं नाही. दोन दिवस तो दाराशी घुटमळला, मग आईला जाऊन विचारलं, "आजोबा बोलत का नाहीत? मी काय केलं?"