बियाला किती द्यावं?



पावसाळा तोंडावर आलाय, वांगी-मिरचीच्या रोपांची विचारणा सुरू झालीय. "भरपूर शेणखत घातलं तरी बी उगवत नाही," असं बरेच जण कळवतात. बहुधा भरपूर घातलं म्हणूनच! बी आपली शिदोरी सोबत घेऊनच येतं. सुरुवातीला त्याला हवी असते ओल, ऊब आणि भुसभुशीत जागा. कच्चं शेण कुजताना तापतं, त्यातला अमोनिया कोवळी मुळं जाळतो. मुरलेलं खत काळसर, हाताला मोकळं लागतं, वास ओल्या मातीचा येतो. शंका असेल तर त्यात चार मुळ्याचे दाणे टाकून बघा, आठवड्यात कळतं. आम्ही दोन भाग धुतलेलं कोकोपीट (त्यातलं मीठ जायला हवं) आणि एक भाग चाळलेलं गांडूळखत घेतो.

मग कमी देणं म्हणजे कंजुषी का? सहा वर्षांच्या नातवाला आपण स्तोत्रं, क्लास, उपदेश सगळं एकदम देतो, तेही प्रेमानेच. पण ते त्याची भूक बघून, की आपली देण्याची हौस म्हणून? आम्हाला वाटतं, हौसेचंच पारडं जड असतं. रोप तरी चार पानांवर आलं की फिकट पडून मागतं. नातू मागेल तेव्हा ऐकायला आपण मोकळे असू का, यावर रविवारच्या बैठकीत बोलूया.